फोल्डिंग कीबोर्ड मोबाइलला जोडला, पण मराठी उमटेना? घोळ नेमका कुठे होतो, समजून घ्या

अकोल्याच्या जुन्या शहरात, असदगड किल्ला आणि राजराजेश्वर मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या अनेक मुलामुलींकडे एक गोष्ट हमखास असते: मोबाइल. लॅपटॉप मात्र प्रत्येकाकडे असतोच असं नाही. नोट्स, अर्ज, टेस्ट सिरीज, सगळं त्याच सहा इंचांच्या स्क्रीनवर चालतं. अशा वेळी फीडमध्ये एक रील येते. खिशातून पाकिटाएवढी वस्तू निघते, उघडली की तिचा कीबोर्ड होतो, मोबाइल समोर उभा राहतो आणि दहा बोटं धडाधड चालू लागतात. खाली कॅप्शन असतं, 'आता लॅपटॉपची गरजच नाही!'

मग ऑर्डर जाते, पार्सल येतं, कीबोर्ड जोडला जातो. इंग्रजी झकास उमटतं. मराठी लिहायला घेतलं की मात्र 'अकोला'च्या जागी 'akola' असंच दिसत राहतं. वस्तू बिघडलेली नसते, फोनही ठीक असतो. मग चूक कुणाची? आणि ज्याला मुख्यतः मराठीतच लिहायचं आहे, त्याने हा कीबोर्ड घ्यावा का? एकेक करून पाहूया.

फोल्डिंग कीबोर्ड म्हणजे नेमकं काय?

घडी घालून खिशात किंवा पिशवीत टाकता येईल असा बिनतारी कीबोर्ड. बाजारात त्याचे साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला पुस्तकासारखा मधोमध एकदा दुमडणारा. दुसरा दोन्ही बाजू आत घेणारा, म्हणजे तीन भागांचा. तिसरा रबरासारख्या सिलिकॉनचा, चटईसारखा गुंडाळता येणारा.

ही कल्पना स्मार्टफोनच्याही आधीची आहे. १९९९ च्या सुमारास 'पाम' या हातात मावणाऱ्या संगणकासाठी 'स्टोअवे' नावाचा घडीचा कीबोर्ड आला होता. तेव्हा तो थेट उपकरणाच्या सॉकेटला जोडावा लागे. पुढे ब्लूटूथ आलं आणि तार गेली. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही अँड्रॉइड, आयफोन-आयपॅड आणि विंडोज या सगळ्यांवर चालणारा घडीचा कीबोर्ड दाखवला. आज अनेक छोट्या-मोठ्या ब्रँडचे असे कीबोर्ड ऑनलाइन मिळतात.

आत काय असतं? बटणांचा पातळ थर, एक छोटी रिचार्ज होणारी लिथियम बॅटरी, ब्लूटूथची चिप आणि दोन भागांना जोडणारी कागदासारखी लवचिक पट्टी. बिजागरीतून जाणारी ही पट्टी या वस्तूचा सगळ्यात नाजूक भाग आहे. रोज शंभर वेळा उघडझाप केली, तर आधी तीच दगा देते. कीबोर्डचा अर्धा भाग अचानक चालेनासा झाला, तर कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

ब्लूटूथ नेमकं काय पाठवतं?

मराठीचा सगळा घोळ इथेच आहे, म्हणून हा भाग नीट समजून घ्या.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झ या रेडिओ पट्ट्यात चालतं. वायफायही याच पट्ट्यात असतं. गर्दीत बोलणं ऐकू यावं म्हणून ब्लूटूथ सतत वाहिन्या बदलत राहतं. त्याच्या मूळ पद्धतीत ७९ वाहिन्या असून सेकंदाला १,६०० वेळा वाहिनी बदलते. २०१० मध्ये आलेल्या कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथमध्ये वाहिन्या ४० आहेत. कीबोर्डसाठी साधारण १० मीटरचं अंतर पुरतं.

पण या वाहिनीवरून 'अ', 'क', 'ल' अशी अक्षरं जात नाहीत. जातो तो फक्त बटणाचा क्रमांक. कीबोर्डच्या आंतरराष्ट्रीय संकेतात इंग्रजी 'ए'च्या बटणाला ४, 'बी'ला ५, असे क्रमांक ठरलेले आहेत. त्या हिशेबाने 'के'चं बटण येतं १४ व्या क्रमांकावर. तुम्ही 'के' दाबलं की कीबोर्ड फोनला एवढंच सांगतो, '१४ नंबरचं बटण दाबलं.'

या १४ चं काय करायचं, ते फोन ठरवतो. फोनमध्ये इंग्रजी आराखडा निवडलेला असेल तर 'k' उमटतं. इन्स्क्रिप्ट आराखडा असेल तर 'क'. जुन्या टाइपरायटरवरून आलेला रेमिंग्टन आराखडा असेल तर त्याच बटणावर काना येतो. बटण एकच, क्रमांक एकच, अक्षरं तीन.

म्हणजे 'मराठी कीबोर्ड' अशी वेगळी वस्तू शोधत फिरण्याची गरज नाही. बटणांवर मराठी अक्षरं छापलेली असोत वा नसोत, मराठी उमटवण्याचं काम फोनच्या सॉफ्टवेअरचं आहे. दुकानदार 'हा मराठी सपोर्ट करतो' म्हणाला, तर त्याला फारसा अर्थ नाही. खरा प्रश्न असा, की तुमचा फोन बाहेरून जोडलेल्या कीबोर्डवर मराठी देतो का?

स्क्रीनवर मराठी येतं, मग इथे का नाही?

स्क्रीनवरच्या कीबोर्डवर बहुतेक जण 'akola' असं इंग्रजीत टाइप करतात आणि वर सुचवलेलं 'अकोला' निवडतात. याला लिप्यंतर म्हणतात. हे काम ते अॅप स्वतःच्या बटणांवर करतं. बाहेरचा कीबोर्ड जोडला की बऱ्याच फोनवर स्क्रीनवरचा कीबोर्ड लपतो आणि त्याच्यासोबत ही सोयही निघून जाते. बटणांचे क्रमांक थेट फोनकडे जातात आणि फोनचा ठरलेला आराखडा इंग्रजी असल्याने इंग्रजीच उमटतं.

भारतीय मानक ब्युरोच्या नियमानुसार देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइलवर २२ भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिताही आलं पाहिजे. पण स्क्रीनवर लिहिता येणं वेगळं आणि बाहेरच्या कीबोर्डवरून लिहिता येणं वेगळं. पहिलं आहे म्हणजे दुसरं असेलच, असं गृहीत धरू नका.

मग सेटिंग कशी करायची?

१. कीबोर्ड उघडा. अनेक मॉडेल उघडताच सुरू होतात, काहींना वेगळं बटण असतं.

२. 'एफएन'सोबत ब्लूटूथचं चिन्ह असलेलं बटण दाबून धरा. दिवा लुकलुकू लागला की कीबोर्ड जोडणीसाठी तयार आहे.

३. फोनच्या ब्लूटूथ यादीतून कीबोर्डचं नाव निवडा. स्क्रीनवर सहा अंकी आकडा आला, तर तो कीबोर्डवरून टाइप करून एंटर दाबा. हा आकडा म्हणजे सुरक्षेची कडी आहे, ती टाळू नका.

४. कीबोर्डवर अँड्रॉइड, आयओएस, विंडोज असे मोड असतील तर आपला मोड निवडा. चुकीच्या मोडमध्ये अक्षरं येतात, पण होम, बॅक, आवाज यांसारखी बटणं भलतंच काही करतात.

५. आता भाषा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या 'सिस्टिम', मग 'भाषा आणि इनपुट', मग 'फिजिकल कीबोर्ड' असं जा. सॅमसंगच्या फोनमध्ये हा पर्याय 'जनरल मॅनेजमेंट'मध्ये असतो. कीबोर्ड जोडलेला असतानाच तिथे आराखड्यांची यादी दिसते. त्यात मराठी किंवा देवनागरी असेल तर निवडा. नसेल, तर प्ले स्टोअरवरून बाहेरच्या कीबोर्डला चालणारं मराठीचं अॅप घ्यावं लागेल. अॅप निवडताना वर्णनात 'फिजिकल' किंवा 'हार्डवेअर' कीबोर्डचा स्पष्ट उल्लेख आहे का, ते पाहा.

६. आयफोन आणि आयपॅडवर 'जनरल', मग 'कीबोर्ड'मध्ये मराठी जोडा. बाहेरचा कीबोर्ड जोडलेला असताना तिथेच 'हार्डवेअर कीबोर्ड' हा वेगळा पर्याय दिसतो.

७. इंग्रजी-मराठी अदलाबदलीसाठी आयफोन-आयपॅडवर कंट्रोल आणि स्पेस एकत्र दाबा. अँड्रॉइडवर फोननुसार कंट्रोल-स्पेस किंवा विंडोज-चिन्हाचं बटण आणि स्पेस चालतं.

८. इमोजी किंवा लिप्यंतरासाठी स्क्रीनवरचा कीबोर्डही हवा असेल, तर 'फिजिकल कीबोर्ड'मध्येच 'ऑन-स्क्रीन कीबोर्ड दाखवा' हा पर्याय चालू करता येतो.

इन्स्क्रिप्ट की रेमिंग्टन?

मराठी टायपिंगच्या दोन घराण्यांची ही जुनी गोष्ट. गोदरेज अँड बॉइसने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला आणि २००९ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं. मधल्या काळात गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये हजारो बोटांना जे वळण लागलं, तेच पुढे संगणकावर रेमिंग्टन आराखडा म्हणून आलं. त्याचा नियम असा, की कागदावर जे आधी दिसतं ते आधी टाइप करायचं. 'कि' लिहायचं तर ऱ्हस्व वेलांटी आधी, 'क' नंतर.

इन्स्क्रिप्टचा नियम उलटा आहे. जसं बोलतो तसं टाइप करायचं. आधी 'क', मग वेलांटी. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये हा आराखडा ठरवला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानकात आला. देवनागरी, गुजराती, बंगाली, तमीळ अशा सगळ्या लिप्यांसाठी त्याची मांडणी एकच असल्याने विंडोजपासून मोबाइलपर्यंत बहुतेक ठिकाणी तोच आधी सापडतो.

शिकायला तो वाटतो तेवढा अवघड नाही. डाव्या हाताला मुख्यतः काना, मात्रा, वेलांट्या. उजव्या हाताला मुख्यतः व्यंजनं. 'अकोला' लिहायचं तर शिफ्टसह डी, मग के, ए, एन, ई. 'मोर्णा' लिहायचं तर सी, ए, जे, डी, शिफ्टसह सी आणि ई. यातलं डी म्हणजे हलन्त, म्हणजेच अक्षराचा पाय मोडणारं बटण. जोडाक्षर हवं तिथे ते दाबायचं.

आता गंमत पाहा. मधोमध दुमडणाऱ्या कीबोर्डची घडी साधारण टी-वाय, जी-एच यांच्यामधून जाते. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि व्यंजनांची सीमाही जवळपास तीच आहे. 'म', 'न' अशी काही व्यंजनं डावीकडे येतात, तेवढा अपवाद. एरवी स्वर घडीच्या एका बाजूला आणि व्यंजनं दुसऱ्या बाजूला. त्यामुळे मधली फट मराठी टायपिंगला फारशी आड येत नाही.

ज्यांचा हात रेमिंग्टनवर बसला आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर मोबाइलवर उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कारण त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांनाच देवनागरी चेहरा चढवलेला असतो. मोबाइल युनिकोड वाचतो. म्हणून तिथे लिहायचं ते युनिकोडमध्येच. बोटांची सवय रेमिंग्टनची हवी असेल, तर 'रेमिंग्टन आराखडा, युनिकोड अक्षरं' देणारं सॉफ्टवेअर लागतं.

'डॉक्टर' आणि 'ठेचा' लिहिताना अडतं कुठे?

विकत घेण्याआधी पाहायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि जाहिरातीत तिच्याबद्दल एक शब्द नसतो.

कीबोर्ड लहान करायचा म्हटल्यावर कंपन्या कात्री चालवतात ती उजव्या कडेच्या बटणांवर. अर्धविराम, अवतरण चिन्ह, चौकटी कंस, तिरपी रेघ, उलटी तिरपी रेघ. इंग्रजीत ही बटणं क्वचित लागतात. त्यामुळे ती अर्ध्या आकाराची केली, भलत्या रांगेत ढकलली किंवा 'एफएन'च्या मागे लपवली, तरी इंग्रजी लिहिणाऱ्याचं काही बिघडत नाही.

मराठीत मात्र त्याच बटणांवर अक्षरं बसलेली आहेत. इन्स्क्रिप्टमध्ये अर्धविरामाच्या बटणावर 'च' आणि शिफ्टसह 'छ'. अवतरण चिन्हावर 'ट' आणि 'ठ'. उघडणाऱ्या चौकटी कंसावर 'ड' आणि 'ढ'. तिरप्या रेघेवर 'य'. उलट्या तिरप्या रेघेवर 'डॉ'मधली 'ॉ' आणि शिफ्टसह 'ऑ'.

'डॉक्टर' हा शब्द घ्या. सहा बटणं दाबावी लागतात आणि त्यातली तीन या उजव्या कडेची: ड, ॉ आणि ट. 'ठेचा' लिहायला चार बटणं, त्यातली दोन तिथलीच. 'ऑफिस', 'चहा', 'यादी', 'डाळ', रोजचे सगळे शब्द याच कोपऱ्यात येऊन अडकतात. प्रत्येक 'ड'साठी 'एफएन' दाबावं लागणार असेल, तर त्यापेक्षा अंगठ्याने स्क्रीनवर लिहिलेलं बरं.

म्हणून ऑनलाइन घेताना फोटो मोठा करून उजवी कड नीट पाहा. पी, एल आणि एम यांच्या उजवीकडची बटणं पूर्ण आकाराची आणि नेहमीच्या जागी आहेत का? असतील तरच पुढे जा.

'वऱ्हाड' लिहिता आलं पाहिजे

दुसरी कसोटी अगदी घरचीच. आपल्या भागाचं नाव लिहायला जो 'ऱ' लागतो, तो हिंदीच्या रोजच्या लिखाणात लागत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या अॅपमध्ये अनेकदा 'वऱ्हाड'चं 'वर्हाड' होतं. म्हणजे रफार 'ह'च्या डोक्यावर जाऊन बसतो. 'शेतकऱ्यांना', 'दुसऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांचंही तेच.

इन्स्क्रिप्टमध्ये याचं उत्तर सोपं आहे. शिफ्टसह जे दाबलं की 'ऱ' येतो. मग 'वऱ्हाड' म्हणजे बी, शिफ्टसह जे, डी, यू, ई आणि चौकटी कंस. 'ळ' हवा असेल तर शिफ्टसह एन.

हा केवळ शुद्धलेखनाचा हट्ट नाही. संगणक शब्द जुळवतो तो आतल्या संकेतांवरून. 'वर्हाड' आणि 'वऱ्हाड' त्याच्या लेखी दोन वेगळे शब्द आहेत. एखाद्या फाइलमध्ये किंवा यादीत नाव एका पद्धतीने लिहिलं आणि शोधलं दुसऱ्या पद्धतीने, तर ते सापडेलच याची खात्री नाही.

वेग खरंच वाढतो का?

मोबाइलवरच्या टायपिंगचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातल्या तीन विद्यापीठांतल्या संशोधकांनी सुमारे ३७,००० लोकांचं टायपिंग तपासलं. सरासरी वेग मिनिटाला साधारण ३६ शब्द निघाला. त्याआधी संगणकाच्या कीबोर्डवर १ लाख ६८ हजार लोकांवर झालेल्या अशाच अभ्यासात तो ५२ च्या आसपास होता. दोन्ही अभ्यास इंग्रजी टायपिंगचे आहेत, त्यामुळे आकडे जसेच्या तसे मराठीला लावता येत नाहीत. पण दिशा कळते. दहा बोटांना दोन अंगठ्यांपेक्षा जास्त वेग मिळतो, तरी फरक अनेकांना वाटतो तेवढा प्रचंड नाही.

शिवाय हा फायदा मिळतो तो पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर. नेहमीच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असतं. घडीच्या कीबोर्डवर ते बऱ्याचदा कमी असतं. बोटं जवळजवळ पडतात, पहिला आठवडा चुका वाढतात. बटणं उथळ असल्याने दाबलं की नाही हेही पटकन कळत नाही. इन्स्क्रिप्ट नव्याने शिकत असाल, तर सुरुवातीचे काही आठवडे वेग उलट कमीच होणार, हे धरून चला.

टायपिंगच्या परीक्षेची तयारी यावर होईल का?

अनेकांसाठी खरा प्रश्न हाच आहे. राज्य सरकारच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या वेगाचं प्रमाणपत्र लागतं. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंग परीक्षा, म्हणजे 'जीसीसी-टीबीसी', त्यासाठीच दिली जाते. तीस-चाळीस शब्दांच्या या रेषेवर अनेकांची नोकरी अवलंबून असते.

उत्तर अर्धं 'हो' आणि अर्धं 'नाही' असं आहे. कोणतं अक्षर कोणत्या बटणावर आहे, हे डोक्यात बसवायला फोल्डिंग कीबोर्ड चालेल. बसमध्ये, अभ्यासिकेत, घरी मिळालेल्या अर्ध्या तासात सराव होईल. पण अंतिम वेग बसवायचा तो पूर्ण आकाराच्या, संगणकाच्या कीबोर्डवरच. परीक्षेत समोर तोच असतो आणि बोटांचं अंतर बदललं की चुका होतात. शेवटचे दोन महिने तरी संगणकावरच बसावं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आपण देणार त्या परीक्षेत कोणता आराखडा चालतो, हे तिच्या सूचनेत आधी वाचा. इन्स्क्रिप्टवर सहा महिने सराव केला आणि परीक्षेत रेमिंग्टन निघालं, तर सगळं पाण्यात.

पैसे कमी आहेत? आधी हा उपाय करून बघा

मोबाइलला कीबोर्ड जोडायला ब्लूटूथच लागतं, असं काही नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनला 'ओटीजी' अडॅप्टर लावून संगणकाचा साधा तारेचा कीबोर्ड जोडता येतो. घरात किंवा सायबर कॅफेवाल्याकडे जुना कीबोर्ड पडलेला असेल, तर खर्च फक्त अडॅप्टरचा. मोर्णा ओलांडून गांधी रोडकडे गेलं की असं अडॅप्टर कुठल्याही मोबाइल अॅक्सेसरीजच्या दुकानात मागता येईल.

फायदे बघा. बटणं पूर्ण आकाराची, 'ड' आणि 'ट' आपापल्या जागेवर, चार्जिंगची कटकट नाही, ब्लूटूथचा घोळ नाही. वर परीक्षेसारखाच कीबोर्ड. तोटा एकच, तो खिशात मावत नाही. आणि तो फोनचीच बॅटरी वापरतो, पण फार कमी. ज्याला घरी बसूनच लिहायचं आहे, त्याने आधी हा प्रयोग करावा. यावर मराठी उमटलं, तर ब्लूटूथच्या कीबोर्डवरही उमटण्याची शक्यता भक्कम. नाही उमटलं, तर मोठा खर्च करण्याआधीच कळलं.

दुसरा पर्याय बोलून लिहिण्याचा. गूगलने २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांची त्यात भर घातली. कच्चा मसुदा पटकन तयार करायला तो चांगला आहे. पण नावं, विरामचिन्हं आणि वऱ्हाडी शब्द नंतर तपासावेच लागतात. आणि अभ्यासिकेत मोठ्याने बोलता येत नाही, ही अडचण आहेच.

सुरक्षेचं काय?

कीबोर्डवरून पासवर्डही जातात, त्यामुळे हा प्रश्न महत्त्वाचा. डिसेंबर २०२३ मध्ये ब्लूटूथमधली एक त्रुटी उघड झाली. जवळपासचा हल्लेखोर आपलं उपकरण कीबोर्ड असल्याचं भासवून, मालकाची परवानगी न घेता फोनला जोडू शकत होता आणि स्वतःची बटणं दाबू शकत होता. अँड्रॉइड ११ ते १४ साठी त्याच महिन्यात दुरुस्ती आली. अँड्रॉइड १० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना ती मिळाली नाही. म्हणून फोन अपडेट ठेवा आणि काम नसेल तेव्हा ब्लूटूथ बंद करा.

छोट्या यूएसबी रिसिव्हरवर चालणारे काही स्वस्त बिनतारी कीबोर्ड बटणांची माहिती उघड्यावर, म्हणजे कूटबद्ध न करता पाठवतात, हे २०१६ मध्येच संशोधकांनी दाखवून दिलं होतं. बँकेचा पिन, ओटीपी यांसाठी स्क्रीनवरचाच कीबोर्ड वापरलेला बरा.

अकोल्याचं ऊन आणि बॅटरी

इथली आणखी एक अडचण विसरून चालणार नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिक्कीत तो त्याहून बराच वर जातो. लिथियम बॅटरी सहसा ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावी, असं सांगितलं जातं. कीबोर्ड डिक्कीत ठेवून दिला, तापलेला असतानाच चार्जिंगला लावला, असं होत राहिलं की बॅटरी लवकर दम तोडते किंवा फुगते. कीबोर्ड पातळ असल्याने फुगलेली बॅटरी बटणं वर ढकलते. असं दिसलं तर चार्ज करू नका, टोचून बघू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या.

लक्षात ठेवण्यासारखी आणखी एक गोष्ट. काही मिनिटं हात लावला नाही की कीबोर्ड झोपतो. परत सुरू करताना पहिलं अक्षर हरवू शकतं. हा बिघाड नाही. आधी एखादं शिफ्ट किंवा कंट्रोल दाबा, क्षणभर थांबा आणि मग लिहा.

मग घ्यायचा की नाही?

घ्यावा असे लोक आहेत. कावड यात्रेच्या गर्दीतून किंवा सभेच्या मांडवातून तिथल्या तिथे बातमी पाठवणारे वार्ताहर. प्रवासात मोठा मजकूर लिहिणारे. ज्यांना स्क्रीनवरची बारीक बटणं दाबणं जड जातं, असे ज्येष्ठ. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं 'टॉकबॅक' वापरणारे दृष्टिहीन वापरकर्तेही, कारण हाताला जाणवणारं बटण त्यांना सोयीचं पडतं.

थांबावं असेही आहेत. ज्यांचं लिखाण व्हॉट्सअॅपच्या दोन ओळींपुरतं आहे. ज्यांना मांडीवर ठेवून लिहायचं आहे, कारण घडीचे बरेच कीबोर्ड टेबलाशिवाय मधून खाली दबतात. आणि ज्यांच्या फोनमध्ये बाहेरच्या कीबोर्डसाठी मराठीची सोयच नाही.

दुकानातून घेणार असाल, तर पैसे देण्याआधी आपल्याच फोनला जोडून सहा शब्द लिहून बघा: अकोला, वऱ्हाड, डॉक्टर, ठेचा, शेतकऱ्यांना, डाळ. ऑनलाइन घेतला तर परत करण्याची मुदत संपायच्या आत हेच सहा शब्द लिहा. सहाही शब्द 'एफएन'ला हात न लावता नीट उमटले, तर कीबोर्ड मराठीच्या कामाचा. 'डॉक्टर'लाच अडला, तर घडी घाला आणि परत करा.